फ्लेक्स लावला, घरभाड्याचे काय?

आमच्या वस्तीतील एखाद्या मुला-मुलीला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला की दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. मधोमध तिचा पासपोर्टचा फोटो, वर तथागत बुद्ध आणि बाबासाहेब, खाली शुभेच्छुक म्हणून तीस-चाळीस जणांचे चेहरे. त्या तीस-चाळीस जणांपैकी एकालाही तिचे पहिल्या महिन्याचे घरभाडे कोण भरणार, हे ठाऊक नसते. फ्लेक्सला आमचा विरोध नाही. ज्या समाजाच्या पोरांना शाळेत वर्गाबाहेर गोणपाटावर बसवले गेले, त्या समाजाने आपल्या लेकरांचा फोटो चौकात लावला तर त्यात वावगे काहीच नाही. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. विमान उडाले, फ्लेक्स उतरला, त्यानंतर तिकडच्या रोजच्या जगण्याचे काय? खोली कुठली, जेवण कसले, महिन्याचा पैसा कधी पोहोचणार? परदेशी शिक्षण यशस्वी होते की अर्धवट राहते, हे या तीन प्रश्नांवर ठरते. आणि या तीन प्रश्नांवर ना शासन बोलते, ना आम्ही बोलतो.

हे आम्ही ऐकीव माहितीवर लिहीत नाही. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका कामगाराची मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. आई डबे करते. तिच्या कॉलेजचा जर्मनीतील एका विद्यापीठाशी करार आहे. त्याला ‘एक्स्चेंज’ म्हणतात, म्हणजे विद्यार्थ्यांची देवाणघेवाण. इकडचा विद्यार्थी एक सत्र तिकडे शिकतो, तिकडचा इकडे येतो. फी आपल्याच कॉलेजात भरायची, तिकडच्या विद्यापीठाला वेगळी फी नाही, आणि तिकडे मिळवलेले गुण इथल्या पदवीत धरले जातात. कागदावर पाहिले तर फुकटचा सौदा! वर्गात पहिली-दुसरी येणारी ही मुलगी निवडली गेली आणि ॲफिडेव्हिट करण्यासाठी वडिलांना घेऊन कोर्टात आमच्या टेबलापाशी आली. “जय भीम काका, फी नाहीच म्हणतात,” असे सांगताना बापाचा चेहरा उजळला होता.

आम्ही कागद वाचले आणि तो उजळलेला चेहरा आम्हालाच उतरवावा लागला. फी नव्हती, पण जर्मनीच्या व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने खर्चाची रक्कम आधीच खात्यात अडकवून दाखवावी लागते. हा दर सप्टेंबर २०२४ पासूनचा आहे. सहा महिन्यांचे झाले ५,९५२ युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सहा लाख रुपये. वर विमानाचे तिकीट, व्हिसा, आरोग्य विमा आणि थंडीचे कपडे. एका बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी विचारले, “सहा महिन्यांनी पदवी मिळणार का?” नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग कर्ज कसले?” सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण त्या दिवशी आम्हास नव्याने समजली.

अखेर पैसा कसा उभा राहिला? बापाने कारखान्याच्या पतपेढीतून कर्ज उचलले. आईच्या बचत गटाने आपली पाळी सोडून तिला आधी रक्कम दिली. मामाने भविष्य निर्वाह निधीला हात घातला. वस्तीतल्या विहारात तीन रविवार वंदनेनंतर डबा फिरला. त्या डब्यात दहा-दहाच्या नोटा टाकणाऱ्या बाया फ्लेक्सवर नव्हत्या, हे येथे मुद्दाम नमूद करतो. त्याच वर्गातून आणखी दोघे त्याच विद्यापीठात गेले. त्यांच्या वडिलांनी एका दुपारी एका सहीवर ही रक्कम दाखवली. योजना एक, करार एक, गुणवत्ता उन्नीस-बीस. पण एका घरी ती सहल होती आणि दुसऱ्या घरी चार संसार गहाण पडले. याला समान संधी म्हणायचे असेल तर ‘समान’ या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासावा लागेल.

साडेअकरा पौंडांचा हिशेब

बाबासाहेबांच्या परदेशी शिक्षणाबद्दल आपण भाषणात काय सांगतो? कोलंबिया, लंडन, ग्रेज इन, एवढ्या पदव्या, एवढी पुस्तके. जयंतीच्या दिवशी पदव्यांची माळ ओवली की आमचे काम झाले. त्या पदव्यांच्या मागचा रोजचा हिशेब मात्र आम्ही पोरांना सांगत नाही. धनंजय कीर आणि चांगदेव खैरमोडे यांनी तो चरित्रांत नोंदवून ठेवला आहे.

१९१३ च्या जून महिन्यात बडोदे संस्थानाशी करार झाला. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी तीन वर्षांसाठी महिन्याला साडेअकरा पौंड मंजूर केले, आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचे बंधन घातले. जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. प्रथम हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तिथले जेवण मानवेना म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, तिथे काही हिंदी विद्यार्थी राहत असत. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. म्हणजे आज आमच्या पोरीला पहिल्या महिन्यात जी वणवण करावी लागते, खोली बदल, जेवण जमव, सोबती शोध, ती विश्वरत्नालाही चुकली नव्हती. सुरुवातीचे काही महिने मित्रांबरोबर हिंडण्या-फिरण्यात, खेळण्यात गेले, हेही चरित्रकारांनी लपवलेले नाही. बावीस वर्षांचा तरुण होता तो. आयुष्यात प्रथमच त्याला मोकळ्या रस्त्याने, कुणाच्या सावलीचा विचार न करता चालायला मिळाले होते. मग एके दिवशी त्याला आपल्या घरची आणि आपल्या माणसांची आठवण झाली, आणि त्यानंतर ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत तो तिथून उठला नाही.

त्या साडेअकरा पौंडांतूनच घरी पैसे पाठवायचे होते. म्हणून जेवण कॉफी, पाव आणि एखादी बशी यावर भागे. पुस्तके मात्र जुन्या बाजारातून घेतली, ती सुमारे दोन हजार. १९२० साली लंडनला दुसऱ्यांदा गेले तेव्हा पदरमोड, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून घेतलेले कर्ज एवढ्यावर निघाले. तिथली घरमालकीण कडक होती. सकाळी पावाचा तुकडा, जराशी मासळी किंवा मुरांबा आणि कपभर चहा. दुपारचे जेवण नाही. रात्री घरमालकिणीकडचा बोव्हरिलचा कप, बिस्किटे, आणि उशिरा पोटात कावळे ओरडू लागले की एका ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून दुधाबरोबर. आणि इकडे मुंबईत माता रमाई अपुऱ्या पैशात घर ओढत होत्या. परदेशातल्या प्रत्येक पदवीचा एक हप्ता इकडे कोणीतरी बाई भरत असते. तेव्हा रमाई भरत होत्या, आज डबे करणारी आई भरते.

हे सांगायचे कारण, अर्धपोटी शिकण्याचे कौतुक व्हावे असे नव्हे. उलट आहे! आमचे काही वक्ते पोरांना म्हणतात, “बाबासाहेब पापड खाऊन शिकले, तुम्हाला काय धाड भरली?” आम्हास हा युक्तिवाद मान्य नाही. ज्या महामानवाने स्वतः उपास काढले, त्याने घटनेत शिक्षणाच्या आणि संरक्षणाच्या तरतुदी लिहिल्या त्या पुढच्या पिढीने पुन्हा उपास काढावेत म्हणून नव्हेत. शंभर वर्षांनंतरही आमची मुलगी पापडावरच शिकणार असेल तर शंभर वर्षांत शासनाने केले काय?

आडनाव फॉर्म भरायला

आता तिकडच्या दिवसांविषयी. दर रविवारी तिचा फोन येई आणि तिची आई फोन आम्हालाही जोडून देई. तिची खोली म्हणजे पलंग, टेबल, कपाट आणि एक खिडकी. स्वयंपाकघर आठ जणांत एक, फ्रीजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा. पहिले पंधरा दिवस कागदांतच गेले. शहराच्या कार्यालयात पत्त्याची नोंद, बँक खाते, विमा. पहिल्या रविवारी तर बाजार शोधत फिरली आणि उपाशी परतली, कारण तिकडे रविवारी दुकाने बंद असतात. पाण्याची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पंचवीस सेंट परत मिळतात. ही गोष्ट तिने एवढ्या आनंदाने सांगितली की आम्हाला हसू आले. नंतर कळले की आठवड्याची भाजी ती त्या बाटल्यांत भागवत होती, आणि आमचे हसू मावळले. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो, त्याचे सुरुवातीला फार वाटले म्हणाली.

पण आणखीही काही सांगितले. कँटीनमध्ये एकच रांग, हातात ताट, पुढे कधी प्राध्यापक उभा तर कधी सफाई कामगार. तास संपला की विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटे ठोकतात. एकदा तिने वर्गात आपला विषय मांडला आणि बाके वाजली. “काका, माझ्यासाठी वाजवली,” एवढेच म्हणाली आणि गप्प झाली. आणखी एकदा म्हणाली, “इथं आडनाव विचारतात ते फक्त फॉर्म भरायला.”

या एका वाक्यावर आम्ही बराच वेळ विचार करीत बसलो. १९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रात बाबासाहेबांनी आपल्या तिथल्या वर्गमित्रांना आणि प्राध्यापकांना आयुष्यातील सर्वोत्तम मित्रांत गणले आहे. साल ध्यानात घ्या, १९३०. त्याच वर्षी २ मार्चला आमच्या या नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसे बंद दरवाजासमोर उभी होती. ज्या माणसाला सातासमुद्रापलीकडे एका टेबलावर जेवायला मिळाले, त्याच माणसाला गोदावरीच्या काठी मंदिराचा दरवाजा बंद होता. समतेचा अनुभव एकदा घेतला की विषमता पूर्वीसारखी सहन होत नाही. परदेशी शिक्षणाने आमच्या माणसाला जे मिळते ते नोकरीच्या पॅकेजपेक्षा मोठे आहे. आपण इतरांसारखेच माणूस आहोत, याचा रोजचा पुरावा तिथे मिळतो. वर्णव्यवस्थेच्या रखवालदारांना भीती वाटते ती याच पुराव्याची.

जात सामानात जाते

पण तिकडे सगळे सोन्याचेच आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. त्या आठ जणांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर साफसफाईची यादी लावलेली असे. कोणत्या आठवड्यात ओटा कोणी पुसायचा, कचरा कोणी न्यायचा, संडास-बाथरूम कोणी धुवायचे, आठही जणांची नावे क्रमाने. कोरियाची मुलगी, तुर्कस्तानचा मुलगा, तिथल्याच एका डॉक्टरची मुलगी, आमची मुलगी आणि तिच्याच कॉलेजातून आलेला एक मुलगा. पहिल्या महिन्यात भारतीय मुले रविवारी एकत्र स्वयंपाक करीत. एकदा तिच्या टेबलावरचा बाबासाहेबांचा फोटो त्यांना दिसला. त्यानंतरच्या रविवारी तिला निरोप आला नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. विचारले तर उत्तर, “तुझ्या भांड्यात नॉनव्हेज शिजते ना!” त्याच फ्रीजमध्ये इतरांचे मांस ठेवलेले होते, त्याचा विटाळ मात्र कोणाला झाला नव्हता.

पुढे त्या मुलाचा संडास धुण्याचा नंबर आला. तो तिच्याकडे आला आणि म्हणाला, “दहा युरो देतो, माझ्या वाटचे तूच कर. तुला जमेल.” आठ जणांत त्याला नेमकी हीच का दिसली? ‘तुला जमेल’ या दोन शब्दांत अडीच हजार वर्षे आहेत. मुलीने आवाज चढवला नाही. भिंतीवरच्या यादीवर बोट ठेवले आणि सर्वांना कळेल अशा इंग्रजीत म्हणाली, “इथे तुझे नाव आहे.” कोरियाच्या मुलीने बादली आणून त्याच्या पायाशी ठेवली. त्या दिवशी त्या मुलाने आयुष्यात प्रथमच संडास धुतला असावा. त्याचे काही बिघडले नाही. उलट आमच्या मते त्या सहा महिन्यांतले त्याचे ते सर्वांत मोलाचे शिक्षण होते.

वकील म्हणून आम्ही तिला विचारले, तक्रार करणार का? ती म्हणाली, कसली करू? प्रश्न बरोबर होता. जर्मनीचा समान वागणुकीचा २००६ चा कायदा वंश, लिंग, धर्म, अपंगत्व, वय आणि लैंगिक ओळख यांवरचा भेदभाव रोखतो. जात हा शब्द त्यात नाही. अमेरिकेत आमच्या बांधवांनी लढून थोडी वाट काढली आहे. डिसेंबर २०१९ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाने भेदभावविरोधी धोरणात जात आणली. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या सर्व कॅम्पसमध्ये तेच केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल हे जातिभेदाला कायद्याने बंदी घालणारे अमेरिकेतले पहिले शहर ठरले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक मात्र राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये नाकारले. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीसाठी जागा ठेवली होती, पण २०१८ मध्ये तिथल्या सरकारने त्यासाठी वेगळी तरतूद न करण्याचे ठरवले. हे सारे का सांगावे लागते? कारण जात विमानतळाच्या तपासणीत सापडत नाही. ती सामानातून बिनबोभाट पलीकडे जाते आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात उतरते. आमच्या मुलांनी हे जाण्याआधी समजून घेतले पाहिजे. ज्या विद्यापीठात जायचे तिथल्या धोरणात जातीचा उल्लेख आहे की नाही, हे प्रवेशाच्या कागदांबरोबरच पाहून घ्यावे.

शासनाचा हिशेब

आता शासनाकडे वळू. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची. तिच्यात वर्षाला १२५ जागा. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासूनची, तिच्यात ७५ जागा. देशभरच्या कोट्यवधी अनुसूचित जातींच्या लोकसंख्येसमोर या जागा म्हणजे समुद्रात चिमूटभर मीठ. पण जागांचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. या दोन्ही योजना पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. साठी आहेत. पदवीच्या मुलांना एका सत्रासाठी बाहेर पाठवणारी जी देवाणघेवाण आज चांगली कॉलेजे राबवतात, तिला त्यांत जागा नाही. म्हणजे ज्या दारातून आमची मुले कमी खर्चात, लहान वयात जग पाहू शकतील, नेमके तेच दार बापाच्या पासबुकावर उघडते.

दुसरा मुद्दा रकमेचा. केंद्राच्या योजनेत ब्रिटनसाठी निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पौंड ठरवला गेला, म्हणजे महिन्याला ८२५. आणि ब्रिटन सरकार काय म्हणते? जानेवारी २०२५ मध्ये लागू झालेल्या तिथल्या व्हिसाच्या नियमानुसार लंडनमध्ये शिकणाऱ्याला महिन्याला १,४८३ पौंड दाखवावे लागत होते. परके सरकार सांगते एवढ्याशिवाय माणूस जगू शकत नाही, आणि आपले सरकार त्याच्या जवळपास निम्म्यात जगा म्हणते. उरलेली रक्कम कुठून आणायची? अभ्यासाच्या वेळेतून, पोटातून, नाहीतर आईच्या डब्यांतून.

तिसरा मुद्दा वेळेचा. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय शिष्यवृत्तीसाठी १०६ जणांची निवड झाली, पण निवडीची पत्रे आधी ४० जणांनाच मिळाली. उरलेल्यांना सांगण्यात आले की निधी उपलब्ध झाला तर पाहू. सप्टेंबरात विद्यापीठ सुरू होते, घरमालक डिपॉझिट मागतो, व्हिसा खात्यात रक्कम मागतो, आणि इकडे ‘निधी उपलब्ध झाला तर’! घरमालकाला फाइल मंत्रालयात आहे हे सांगून चालते काय?

आणि चौथा मुद्दा सर्वांत गंभीर. २०२२ मध्ये केंद्राने या शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल करून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय परदेशात शिकण्यासाठी वगळले. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात प्रा. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. या नियमानुसार आजच्या भीमरावाला तो विषय घेऊन जाता येणार नाही. सयाजीरावांच्या संस्थानाने जे दार उघडले ते प्रजासत्ताकाच्या सरकारने लोटून घेतले. संस्थानिकापेक्षा लोकशाही सरकार कोत्या मनाचे ठरावे, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही!

आमच्या मागण्या साध्या आहेत. देवाणघेवाणीतील एका सत्रासाठी वेगळी शिष्यवृत्ती सुरू करावी. निर्वाह भत्ता त्या-त्या देशाच्या व्हिसाच्या रकमेशी बांधावा, म्हणजे दर वर्षी अर्ज-विनंत्या नकोत. पहिला हप्ता सत्र सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या हाती पडावा. आणि विषयांवरची बंदी उठवावी.

आणि आपला हिशेब

पण शासनाकडे बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे वळतात. आमच्या नाशकात जयंतीला किती मंडळे, किती डीजे, किती फ्लेक्स? एका मंडळाने एका वर्षीचा डीजे कमी केला तर एका मुलीच्या खोलीचे डिपॉझिट भागते. आम्ही उत्सवाच्या विरोधात नाही. परंतु नवल भथेनांनी मित्राला कर्ज दिले तेव्हा फ्लेक्स लावला नव्हता. वस्तीतल्या विहारात कायमचा एक शिक्षण निधी असावा, त्याचा जमाखर्च भिंतीवर लागावा, आणि त्यातून बिनव्याजी रक्कम द्यावी. शिकून आलेल्याने ती फेडावी आणि आणखी एकाला वाट दाखवावी. खोली कशी शोधायची, कोणता कागद आधी करायचा, थंडीचे कपडे इथे घ्यायचे की तिथे, हे आज प्रत्येक मुलगी पहिल्यापासून शिकते. परत आलेल्यांनी महिन्यातून एक रविवार विहारात बसून सांगितले तर पुढच्या मुलीचे पंधरा दिवस वाचतील.

आमच्या मुलीचे सत्र संपले आणि ती परत आली. पुण्यात शेवटच्या वर्षासाठी खोली शोधू लागली तेव्हा एजंटाने आधी आडनाव विचारले, मग “व्हेज ना?” विचारले, मग खोली ‘कालच गेली’ असे सांगितले. फॉर्म भरायला विचारलेले आडनाव ते हे नव्हे. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून विद्या घेऊन बडोद्याला गेले. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी खानावळीतून अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले आणि दिवस बागेत काढून रात्रीच्या गाडीने परतावे लागले. शंभराहून अधिक वर्षे झाली. लाठी गेली, ‘कालच गेली’ आली.

आणखी एक सांगून थांबतो. ती जर्मनीत असताना तिच्या आजीला कळले की नात तिथे संडास धुते. म्हातारी रडली. म्हणाली, “तिकडं जाऊनबी हेच करायचं व्हतं, तर येवढे पैशे कशाला घातले?” मुलीने फोनवर समजावले, “आजी, इथं सगळ्यांचा नंबर लागतो. डॉक्टरच्या पोरीचाबी.” आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सगळ्यांचा लागतो? मग धू.” काम नंबराने आले की ते काम असते, जन्माने आले की ती जात होते. हे त्या न शिकलेल्या म्हातारीला जेवढे लवकर कळले तेवढे पुष्कळ पदवीधरांना अजून कळलेले नाही.

परत आल्यावर त्या मुलीने सातपूरच्या घरात भिंतीवर यादी लावली. भांडी, केर, पाणी, संडास. वडिलांचे नाव, भावाचे नाव, आईचे नाव, स्वतःचे नाव. भाऊ कुरकुरला, पण यादी टिकली. मग ती विहारात गेली आणि सर्वांसमोर विचारले, “वंदनेनंतर सतरंज्या उचलून झाडू मारायला दर रविवारी बायाच का?” सभागृह गप्प झाले. आम्ही पुढच्या रांगेत बसलो होतो, आम्हीही गप्प. समतेवर पंचवीस वर्षे भाषणे केली, पण त्या झाडूकडे आमचे लक्ष गेले नव्हते, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

त्रिरश्मी लेण्यांतील सतराव्या लेण्यात कोरलेले आहे की ते लेणे उत्तरेकडील दत्तामित्री येथून आलेल्या धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त या यवनाने करवून दिले. दूरदेशीचा माणूस नाशकात आला, इथला धम्म घेतला आणि इथे लेणे देऊन गेला. देवाणघेवाण ती हीच. सहा लाखांत आमची मुलगी तिकडून काय घेऊन आली असे कोणी विचारले तर आम्ही ती भिंतीवरची यादी दाखवू. आता विहारातही तशी यादी लागली आहे. येत्या रविवारी नंबर आमचा आहे.

जय भीम!